दोन तासांसाठी नऊ वर्षे

न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात रात्री नऊ वाजून गेल्यावरही सुपरमार्केटमध्ये दूध, पाव, अंडी, कपडे धुण्याची पावडर असे सारे काही मिळते. बिअर आणि वाइन मात्र मिळत नाही. बाटल्या फळ्यांवर समोरच मांडलेल्या असतात, पण एखादी उचलून काउंटरवर आणली तरी तिचे बिल होत नाही. ९ डिसेंबर २०२४ पासून हा नियम बाटलीबंद दारू विकणाऱ्या शहरातील सर्व दुकानांना लागू आहे. देशाच्या कायद्याने अशा दुकानांना रात्री अकरापर्यंत विक्रीची मुभा दिलेली होती. म्हणजे बदल जेमतेम दोन तासांचा. तो अमलात आणण्यासाठी ऑकलंडच्या महापालिकेला, म्हणजे ऑकलंड कौन्सिलला, नऊ वर्षांहून अधिक काळ झगडावे लागले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

दारूच्या वेळेवरून भांडण ही या देशाला नवी गोष्ट नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, तिथले दारूगुत्ते संध्याकाळी सहाला बंद करण्याचा नियम आला. युद्ध संपले तरी नियम राहिला, तो थेट १९६७ च्या सार्वमतापर्यंत. काम पाचला सुटणार आणि गुत्ता सहाला बंद होणार, त्यामुळे मधल्या तासाभरात लोक घाईघाईने ग्लासावर ग्लास रिचवत असत. वेळ कमी केली की पिणे आपोआप कमी होते, असे मानणाऱ्यांनी ही पन्नास वर्षे जरूर आठवावीत. मात्र तो नियम बसून पिण्याच्या जागेचा होता आणि आजचा नियम घरी नेण्याच्या बाटलीचा आहे, हा फरकही विसरून चालणार नाही.

सुपरमार्केटमध्ये वाइन आली ती १९८९ च्या कायद्याने. दहा वर्षांनी, १९९९ मध्ये, बिअरलाही परवानगी मिळाली आणि त्याच वेळी दारू विकत घेण्याचे किमान वय विसावरून अठरावर आणले गेले. व्हिस्की किंवा रम सुपरमार्केटला आजही विकता येत नाही. परंतु आठवड्याच्या किराण्याबरोबर ट्रॉलीत वाइनची बाटली टाकणे ही मधल्या काळात इतकी साधी गोष्ट होऊन बसली, की दारू ही इतर मालासारखा माल नाही, हे कायद्याला पुन्हा सांगावे लागले. २०१२ च्या नव्या कायद्याने सुपरमार्केटमधील दारू एकाच कोपऱ्यात ठेवण्याचे बंधन घातले, दुकानांसाठी सकाळी सात ते रात्री अकरा ही कमाल वेळ ठरवली, आणि प्रत्येक स्थानिक कौन्सिलला हवे असल्यास आपले स्वतंत्र मद्यधोरण आखण्याचा अधिकार दिला. या धोरणातून कौन्सिलला वेळ कमी करता येते, वाढवताही येते. नवीन परवाने कुठे द्यावेत आणि कुठे देऊ नयेत, हेही सांगता येते.

कागदावर हा अधिकार मोठा होता. व्यवहारात त्याच्या दारातच एक अडसर होता. कौन्सिलने मसुदा काढायचा, नागरिकांच्या हरकती-सूचना ऐकायच्या, तात्पुरते धोरण जाहीर करायचे, आणि मग ज्याने कोणी सूचना दिली असेल त्याला राष्ट्रीय मद्यपरवाना प्राधिकरणाकडे अपील करता येत असे. कायद्याच्या उद्देशाशी ताडून पाहता हे धोरण अवाजवी आहे, एवढाच अपिलाचा आधार. पण अपील करायला वकील लागतात, तज्ज्ञ साक्षीदार लागतात, आणि हे सारे परवडते ते मोठ्या कंपन्यांना. वेलिंग्टन आणि क्राइस्टचर्च या शहरांनी काही वर्षे खटपट करून अखेर आपापली धोरणे गुंडाळून ठेवली.

ऑकलंडने आपले तात्पुरते धोरण मे २०१५ मध्ये जाहीर केले. त्यात रात्री नऊची मर्यादा होती. फूडस्टफ्स आणि वूलवर्थ्स या दोन समूहांनी तिला आव्हान दिले. न्यूझीलंडचा बहुतांश किराणा या दोघांच्याच हाती आहे, त्यामुळे हा वाद एखाद्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा नव्हता. सुपरमार्केटमधले गिऱ्हाईक जेवणासाठी वाइन घेते, दंगा करायला नव्हे, आणि रात्री नऊ ते अकरा या वेळेतील आमच्या विक्रीमुळेच नुकसान होते याचा पुरावा कुठे आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. तो अगदीच टाकाऊ नव्हता. रात्रपाळी सुरू होण्याआधी किंवा दुसरी पाळी आटोपून साडेनऊला बाजारहाट करणाऱ्या माणसाची गैरसोय खरीच आहे, आणि त्याने कुणाचे काही बिघडवलेले नाही.

प्रकरण प्राधिकरणाकडून उच्च न्यायालयात, तिथून अपील न्यायालयात आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेले. मे २०२३ मध्ये निकाल कौन्सिलच्या बाजूने लागला. या निकालाचे खरे महत्त्व घड्याळाच्या काट्यात नाही. नियम करण्यापूर्वी कौन्सिलने त्या दोन तासांतील नुकसान हिशेबाच्या वहीसारखे मांडून दाखवलेच पाहिजे, ही अपेक्षा न्यायालयाने मान्य केली नाही. नुकसान कमी होईल असे मानण्यास वाजवी आधार असेल, तर सावधगिरी म्हणून पाऊल उचलता येते आणि तिथे राहणाऱ्यांना आपला परिसर कसा हवा आहे, हेही विचारात घेता येते. आतापर्यंत पुराव्याचे सारे ओझे ज्या खांद्यावर होते, तिथून ते बरेचसे उतरले. त्याच वर्षी संसदेने कायदा बदलून स्थानिक धोरणाविरुद्ध प्राधिकरणाकडे अपील करण्याची तरतूदच काढून टाकली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ऑकलंडचे धोरण मंजूर झाले, सप्टेंबरमध्ये लागू झाले आणि दुकानांना तयारीसाठी डिसेंबरपर्यंत सवड मिळाली.

याच महानगराच्या पश्चिम भागात मात्र सुपरमार्केट रात्री नऊलाच काय, दुपारी बारालाही दारू विकत नाही. तिथे १९७२ पासून लोकांनी निवडून दिलेल्या परवाना न्यासांकडे बाटलीबंद दारूविक्रीची मक्तेदारी आहे. देशाच्या दक्षिण टोकाच्या इन्व्हरकार्गिल शहरात असा न्यास १९४४ पासून आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला या वादातील काही सूर ओळखीचे वाटतील. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, त्यावर गदारोळ झाला, आणि तो निर्णय प्रत्यक्षात उतरला नाही. आपल्याकडे वेळ आणि परवाना ही राज्य उत्पादन शुल्क विभागाची बाब आहे. नगरपालिकेला त्यात फारसे स्थान नाही. स्थानिकांच्या हाती आहे ते आडव्या बाटलीचे मत. गावातील किंवा प्रभागातील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी बाटली आडवी केली, तर दुकान बंद होते. म्हणजे आपला स्थानिक अधिकार दुकान ठेवायचे की नाही एवढाच आहे. किती वाजेपर्यंत ठेवायचे, हे विचारण्याची सोय त्यात नाही.

ऑकलंडच्या धोरणालाही कुंपणे आहेत. शहराच्या मध्यभागात आणि दुकानांची दाटी असलेल्या काही उपनगरांत नवीन परवान्यांवर दोन वर्षांची स्थगिती त्यात आहे. पण आधीपासून असलेली दुकाने त्यामुळे हटत नाहीत. बार नऊनंतरही उघडे असतात. आणि ऑनलाइन विक्रीला कायद्यात वेगळे कलम आहे. मागणी कोणत्याही वेळी नोंदवता येते, फक्त रात्री अकरा ते सकाळी सहा या वेळेत माल पोहोचवता येत नाही. दुकानाच्या काउंटरवर नऊला थांबलेली बाटली साडेदहाला दारात येऊ शकते का, हा प्रश्न कौन्सिलच्या हातातला नाही. त्याचे उत्तर वेलिंग्टनमधील संसदेलाच द्यावे लागेल.