अर्धा ड्रॉपर म्हणजे किती?

मंडळी, विषय ऐकून पुढच्या रांगेतल्या दोघी हसल्या, ते मी पाहिलं. ड्रॉपरवर कसलं आलंय व्याख्यान! पण फोंड्यात चाळीस वर्षं मी औषधांच्या काउंटरमागे उभा राहिलो, आणि मला सर्वांत जास्त घाम फोडणारा प्रश्न हाच होता: "बाब, अर्दो ड्रॉपर म्हळ्यार कितलें?"

या वस्तूला मराठीत पक्कं नाव नाही. कोणी थेंबनळी म्हणतं, कोणी नुसती नळी, बहुतेक सगळे ड्रॉपरच. माझ्या वडिलांच्या पिढीतले पोर्तुगीज शिकलेले लोक मात्र 'कोंता-गोताश' म्हणायचे. त्याचा अर्थ थेंब मोजणारा. इंग्रजी शब्द सांगतो की ही वस्तू थेंब पाडते, पोर्तुगीज सांगतो की ती थेंब मोजते. (पोर्तुगीजमध्ये एखादा 'आ कोंता-गोताश' पैसे देतो म्हणजे हात आखडून, चिमूट चिमूट देतो. असे देणारे आपल्याकडेही आहेत, नावं घेत नाही.) पाडणं आणि मोजणं यांत जो फरक आहे, त्यातच सगळी भानगड आहे.

रचना सोपी. टोकाला निमुळती झालेली नळी आणि वर रबरी फुगा. फुगा दाबला की आतली हवा बाहेर जाते, सोडला की आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा बाटलीतलं औषध वर ढकलते. आपण म्हणतो ड्रॉपरने औषध ओढलं. खरं तर ते ढकललं जातं. यावर अधिक वेळ घालवत नाही, शाळेत झालंय.

आता थेंब. थेंब हे माप आहे का? आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत नाकात घालायच्या औषधाचा 'बिंदू' ठरवून दिला आहे: तर्जनी दोन पेरांपर्यंत बुडवून वर काढली की जो गळतो, तो एक बिंदू. मला ही व्याख्या फार आवडते, कारण मोजमाप प्रत्येकाच्या हाताला जोडलेलं. पण तुमचं बोट आणि माझं बोट सारखं नाही. तिकडे इंग्रज औषधवाल्यांनाही हीच अडचण आली, म्हणून १८०९ च्या लंडन फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत ग्रंथात, थेंबाऐवजी 'मिनिम' नावाचं ठरावीक माप आलं. थेंब केवढा पडेल हे नळीच्या तोंडावर ठरतं, नळी उभी की तिरपी यावर ठरतं, आणि आत काय आहे यावरही.

हे बघा, या ग्लासात पाणी आहे. नळी उभी धरून मोजतो... एकोणीस, वीस. एक मिलिलिटर झालं. हेच फेणीने केलं असतं तर त्याच नळीतून तेवढ्याच मापात चाळीसच्या आसपास थेंब पडले असते, कारण दारूचा पृष्ठताण कमी, थेंब लवकर सुटतो आणि लहान सुटतो. सभागृह देवळाच्या आवारात आहे म्हणून फेणी आणली नाही. सलाईनच्या साध्या सेटमध्येही बहुधा वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरतात, लहान मुलांच्या सेटमध्ये साठ. म्हणजे नळी बदलली की हिशेब बदलला.

मग थेंब मोजून औषध द्यायचंच नाही का? द्यायचं, पण ज्याची नळी त्या औषधासाठीच बनवली आहे त्याचं. पोलिओची लस घ्या. दोन थेंब म्हणजे साधारण ०.१ मिलिलिटर, आणि कुपीवरचं प्लास्टिकचं टोक तेवढ्याच थेंबासाठी घडवलेलं. अशा दोन-दोन थेंबांवर देश उभा राहिला: शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला सापडला, आणि २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. तिथे ड्रॉपर खरोखर कोंता-गोताश आहे.

डोळ्यांच्या औषधाचं उलट आहे. डोळ्यात जेमतेम ३० मायक्रोलिटर मावतं, आणि बाटलीतून पडणारा थेंब असतो ५० च्या आसपास. एकच थेंब सगळा मावत नाही, तर "जास्त गुण यावा" म्हणून दुसरा घालणाऱ्या आमच्या मावश्या गालाला औषध देतात. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने हलकेच दाबून ठेवा. आणि टोक पापणीला लावू नका.

आता तो अर्धा ड्रॉपर. तान्ह्या मुलांच्या तापाचं पॅरासिटॅमॉल 'ड्रॉप्स' म्हणून मिळतं, पण ते थेंबांनी द्यायचंच नसतं. नळी रेघेपर्यंत भरायची असते. शिवाय ते सिरपपेक्षा कितीतरी दाट असतं: ड्रॉप्समध्ये एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम, तर नेहमीच्या एका सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२५. म्हणजे चौपट. नावात ड्रॉप्स असल्यामुळे लोकांना ते हलकं वाटतं. चूक तिथेच होते.

माझीही झाली. पावसाळ्यात एक सून आली, बाळ दोन-तीन महिन्यांचं. "बाब, नळी फुटली, दुसरी आसा?" माझ्या काउंटरच्या खणात रिकाम्या बाटल्यांचे धुतलेले ड्रॉपर असायचे, वस्तू फुकट जाऊ नये म्हणून जपलेले. त्यातला एक काढून दिला. संध्याकाळी ती परत आली, तक्रार एवढीच की झाकण घट्ट बसत नाही. मी ड्रॉपर उजेडात धरला आणि पोटात गोळा आला. तिची मूळ नळी एक मिलिलिटरची होती, मी दिलेली दोनची. डॉक्टरांनी तोंडी सांगितलं होतं "अर्धा ड्रॉपर", आणि तिने प्रामाणिकपणे अर्धाच दिला होता. दुप्पट! एकदाच दिलं होतं. मी दुकान बंद करून तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो. बाळ ठणठणीत होतं, मीच घामाने भिजलो होतो.

दुसऱ्या दिवशी तो खण रिकामा केला. काचेचे दोन ड्रॉपर तेवढे ठेवले, नातवाच्या पेनात शाई भरायला. ते आजही आहेत. निळे झालेत.