शनिवारचे अर्ज

(मेळाव्यातील भाषण, थोडे संपादित करून)

नमस्कार मंडळी. मी इंदूरची. लेकीकडे इथे परदेशात दोन महिन्यांसाठी आले आणि इथल्या मराठी मंडळानं लगेच पकडून माइकसमोर उभं केलं. "ऑफिसातली तुम्ही मंडळी शनिवारी काय करता ते सांगा," म्हणाले. तेच सांगते. माझं इंदुरी मराठी सांभाळून घ्या.

आमचं ऑफिस हिशेबाचं. जीएसटी, टीडीएस, रिटर्न. नऊ जणांत चार मराठी, दोन सिंधी. त्यातल्या एका सिंधी मुलानं सांगितलं, आमच्या गल्लीत पाकिस्तानातून, सिंधमधून आलेली कुटुंबं राहतात, काहीतरी करू या. गल्ली पलसीकर कॉलनीतली. नाव मराठी, वस्ती सिंधी. इंदुरात हे असंच.

पहिल्या शनिवारी आम्ही मोठ्या उत्साहानं जुने कपडे घेऊन गेलो. घरातल्या काकांनी गाठोडं नीट कोपऱ्यात ठेवलं, चहा पाजला आणि हळूच विचारलं, "आप में से कोई फॉर्म भरना जानता है?" मागाहून कळलं, काकांचं कपड्यांचंच दुकान आहे! लहानसं, पण दुकान.

म्हणजे गरज होती ती कारकुनाची. होळकरांच्या काळी आपल्यातले कितीतरी जण माळव्यात आले ते लेखणीच्या जोरावरच, तेव्हा हे काम आम्हाला परकं नव्हतं.

तुम्ही सगळे व्हिसाचे कागद जमवून दमलेले, म्हणून जरा तपशिलात सांगते. भारतानं १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. त्यामुळे ही माणसं कागदावर निर्वासित नसतातच, 'एलटीव्ही'वर, म्हणजे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. अशांना नागरिकत्व देण्याचे अधिकार २०१६ मध्ये इंदूरच्या कलेक्टरांनाही मिळाले. पुढे नागरिकत्व कायद्यात २०१९ ची दुरुस्ती आली, म्हणजे 'सीएए', तिचे नियम निघाले मार्च २०२४ मध्ये. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांना अकराऐवजी पाच वर्षं पुरतात. त्यानंतर आलेल्यांचं गणित जुनंच. एकाच घरात थोरला या बाजूला, धाकटा त्या बाजूला. या कायद्यात मुसलमान का नाहीत, यावर आमच्याकडे डबा खाताना कडाक्याची भांडणं झालीत. ती मिटलेली नाहीत. शनिवारी फक्त गप्प बसतो.

नव्या नियमांत एक प्रतिज्ञापत्र लागतं: अर्जदाराचं चारित्र्य चांगलं आहे, असं भारतीय नागरिकानं लिहून द्यायचं. आमच्यातला सगळ्यात लहान मुलगा पेन धरून थांबला. "मॅडम, मी यांना पाच शनिवार ओळखतो. माझा घरमालक दोन वर्षांनंतरही माझ्याबद्दल एवढं लिहून देणार नाही." मग तो आणखी तीन शनिवार नुसता चहा प्यायला गेला, आणि मग सही केली. खरं सांगू, मी पहिल्याच दिवशी करून मोकळी झाले होते.

गाडी अडली ती लिपीवर. तिकडचे शाळेचे दाखले सिंधीत, अरबी वळणाच्या लिपीत, उजवीकडून डावीकडे, ५२ अक्षरं. आमच्या सिंधी पोरांना त्यातलं एक वाचता येईना. शेवटी एकाची आजी धावून आली. वय ८८, फाळणीआधी तिकडे दोन इयत्ता शिकलेली. भिंग घेऊन बसते, एकेक नाव वाचते, आम्ही ते पासपोर्टवरच्या स्पेलिंगशी ताडून बघतो. त्या लिपीत 'ब'खाली एक टिंब आणि 'भ'खाली चार. एका दाखल्यात मास्तरांनी तीन टिंबं खाल्ली होती आणि 'भ'चा 'ब' झाला होता. पासपोर्टशी नाव का जुळत नाही, यावर आम्ही दोन शनिवार डोकं फोडलं होतं. आजीनं अर्ध्या मिनिटात पकडलं आणि त्या मास्तरांना सिंधीत जे काही म्हणाली, ते नातवानं आम्हाला सांगितलं नाही.

आजी दुपारी दोन ते चार झोपते. म्हणून सध्या आमचा शनिवार साडेचारला सुरू होतो.