बुडालेला अल्बम

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात तुम्हाला गृहपाठ दिला होता. रॅपर इन्स्पेक्टा डेकचा अल्बम 'अनकंट्रोल्ड सबस्टन्स' ऐका आणि काय वाटलं ते कळवा. कळवलंत, आणि अजिबात हात राखून कळवलं नाहीत! साताऱ्याचे एक श्रोते लिहितात, "माणूस तयारीचा, पण बीट अळणी." नाशिकच्या एक ताई म्हणतात, "हाच अल्बम चार वर्षं आधी आला असता, तर लोकांनी डोक्यावर घेतला असता." आणि डोंबिवलीच्या एका कॉलेजकुमाराचा एका ओळीत निकाल: "'ट्रायम्फ'वाला डेक कुठे गेला?"

ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी चटकन सांगतो. बीट म्हणजे रॅपरच्या शब्दांमागे वाजणारा ताल आणि संगीत. वू-टँग क्लॅन म्हणजे न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडची नऊ रॅपर्सची टोळी, डेक त्यातलाच एक. पहिला अल्बम नोव्हेंबर 1993चा. करार असा, की गट एका कंपनीकडे, पण प्रत्येकाला स्वतःचा अल्बम हवा त्या कंपनीकडे करायची मुभा. घर एक, चुली वेगळ्या. मेथड मॅनची चूल 1994मध्ये पेटली, रेक्वॉन आणि जीझाची 1995मध्ये, घोस्टफेसची 1996मध्ये. आणि डेकची? ऑक्टोबर 1999. 1997च्या 'ट्रायम्फ' या गटाच्या गाण्यात पहिलं कडवं ज्याचं, पहिल्याच ओळीत ज्याने सॉक्रेटिसला ओढून आणलं, तो पंगतीत इतका मागे.

कारण पाणी. गटाचे बीट बनवायचा रिझा, आणि त्याचा स्टुडिओ होता तळघरात. तळघरात पाणी शिरलं, बीट्सचा साठा गेला, त्यात डेकसाठी राखून ठेवलेलेही गेले. मग अल्बम आला तेव्हा त्यावर रिझाचे बीट मोजकेच, काही तर डेकने स्वतःच केलेले. म्हणजे बीट बुडाले, शब्द नाही बुडाले. पुन्हा सांगतो, बीट बुडाले, शब्द नाही. (तळघर हा प्रकार मुळात पाण्याजवळ खणूच नये. आमच्या जुन्या गल्लीत आता टॉवरखाली दोन मजले पार्किंग खणलंय, मिठी नदी हाकेच्या अंतरावर. असो, तो वेगळा कार्यक्रम होईल.)

मिठीचं नाव निघालंच आहे, तर एक गोष्ट सांगतो. काचेपलीकडून आमचे सहकारी हात जोडतायत, त्यांनी ही पन्नासदा ऐकलीय. तुम्ही एकदा ऐका.

26 जुलै 2005. आम्ही कुर्ल्याला, चाळीत, तळमजल्यावर. माझ्या कॅसेट पलंगाखाली खोक्यात. त्यात डेकचीही होती, मामेभावाने न्यू जर्सीहून आणलेली. दोनदा ऐकून मी तिला चक्क "पाणचट" म्हणून खोक्याच्या तळाशी टाकली होती. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि आमचं खोकं घरातल्या घरात तरंगायला लागलं. आम्ही वर, पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे.

पाणी ओसरल्यावर घरात वीतभर चिखल आणि डिझेलचा वास. काकूंच्या गॅलरीत दोरीवर माझी दहावीची मार्कशीट, बाबांची पासबुकं, रेशन कार्ड, सगळं चिमटे लावून. खाली वर्तमानपत्रावर माझ्या कॅसेट. मी लहान स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो. एकेक उघडली, की आतली फीत शेवया सांडाव्यात तशी मांडीवर. एकूण एकतीस कॅसेटची मी स्वतःच्या हाताने वाट लावली. पाण्याने इतकं नुकसान केलं नसेल!

डेकच्या कॅसेटला स्क्रूच नव्हते. चारी बाजूंनी चिकटवून बंद केलेली. उघडेचना, म्हणून मी ती फेकायला निघालो. आजी म्हणाली, "आण इकडे." पिण्याचं पाणी जपून वापरायचे दिवस ते, तरी तिने तांब्याभर स्वच्छ पाण्यात तिला खळखळून धुतलं, झटकलं आणि पदराने पुसून खिडकीत ठेवली. पाचव्या दिवशी वीज अजून यायची होती. काकूंच्या बॅटरीवरच्या टेपमध्ये घातली. ए बाजू घरघरली आणि गप्प झाली. बी बाजू वाजली!

महिनाभर माझ्याकडे तेवढीच कॅसेट, तेवढीच बाजू. बीट तेव्हाही मला फिके वाटले, आजही वाटतात, सातारकरांशी मी सहमत आहे. पण तांदूळ निवडता निवडता आजी ऐकण्याच्या तिसऱ्या दिवशी म्हणाली, "हा मुलगा श्वास कधी घेतो रे?" मी तोवर कधी त्याचा श्वास ऐकलाच नव्हता. मग शोधायला लागलो. ओळीच्या शेवटी घेत नाही तो, ओळ ओलांडून पुढच्या ओळीच्या मध्यावर घेतो, आणि तोही यमक लागल्यावर. बीट साधा आहे म्हणून हे ऐकू येतं, असंही मला वाटतं. नाशिकच्या ताईंना हे पटणार नाही.

आणि कृपा करा, हे मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. टेबलावर पालथा ठेवलेला मोबाइल म्हणजे काही म्युझिक सिस्टिम नव्हे.

तर आता तीच कॅसेट लावतोय. बी बाजू. मध्ये एके ठिकाणी आवाज पोहल्यासारखा होईल, तुमचा रेडिओ बिघडलेला नाही. श्वास सापडला तर कळवा.