जांभळ्या दरीतला करडा मठ

हे दृश्य तुम्ही कुठेतरी पाहिलेलं असणार. कॅलेंडरवर, साबणाच्या खोक्यावर, नाहीतर कुणाच्या तरी सहलीच्या फोटोंत. जांभळ्या फुलांच्या सरळ रांगा आणि त्यांच्या टोकाला करड्या दगडाचा मठ.

दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्समध्ये, गॉर्द गावाजवळचा हा सेनांक मठ. ११४८ साली सिस्टर्सियन या ख्रिस्ती पंथाचे मठवासी या दरीत आले, तेव्हा इथे लव्हेंडरची शेतं नव्हती. होता सेनांकोल नावाचा ओढा, हवा तेवढा दगड आणि माणसांपासून दूर राहण्याची सोय. त्यांना हवं होतं तेही एवढंच.

दरी इतकी अरुंद, की चर्चची वेदी रिवाजाप्रमाणे पूर्वेला बसेना. मग ती उत्तरेकडे तोंड करून बांधली. आत ना चित्रं, ना रंगीत काचा. त्या काळी चर्च सजवायची चढाओढ होती; या पंथाला मात्र नक्षी म्हणजे प्रार्थनेतला व्यत्यय वाटे. चौकाभोवतीच्या ओसरीत खांबांच्या माथ्यावर तेवढी पानंफुलं कोरलेली दिसतात. तिथे कारागिराचा हात थोडा मोकळा सुटला असावा!

रात्री सगळे एकाच लांबलचक दालनात, अंगावरच्या कपड्यांनिशी झोपत. पहाट व्हायच्या आत प्रार्थनेला उठायचं. हिवाळ्यात ऊब मिळे ती एकाच खोलीत. पोथ्यांच्या नकला करणारे तिथेच बसत. बोटं गारठली तर लेखणी चालणार कशी?

जगापासून इतकं लांब येऊनही जग आत शिरलंच. १५४४ मध्ये धर्माच्या भांडणात, रोमन चर्चपासून फुटलेल्या वॉल्डेन्सियन पंथीयांनी मठावर हल्ला केला, काही मठवासींना फासावर लटकवलं. पुढच्याच वर्षी वॉल्डेन्सियनांची गावंच्या गावं राजाच्या सैन्याने जाळली. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत मठ विकला गेला. १८५४ मध्ये मठवासी परतले, १९०३ मध्ये पुन्हा हाकलले गेले. असं जाणं-येणं चालत अखेर १९८८ पासून इथे पुन्हा एक छोटा समुदाय नांदतो आहे.

आणि ही फुलं? ती अलीकडची, विसाव्या शतकातली. नीट पाहिलं तर हे अस्सल लव्हेंडरही नाही. हा लव्हांडिन, म्हणजे संकर. याला बी धरत नाही, कलमं लावावी लागतात. पण तेल भरपूर निघतं. तेल आणि मध विकून मठाचा खर्च थोडाफार सुटतो.

रंग नको म्हणून काचासुद्धा साध्या ठेवणाऱ्यांचा मठ जगाला माहीत झाला तो रंगामुळे. जूनच्या अखेरीस गाड्यांची रांग लागते. दाराशी शांतता राखण्याची विनंती असते. ती सगळेच पाळतात असं नाही.

जुलै सरत आला की कापणी होते. मधमाश्या पांगतात, फोटो काढणारेही. रांगांमध्ये नुसते करडे-हिरवे खुंट उरतात, भिंतींच्या रंगाला जवळचे.