चिठ्ठीवरचे गाव

श्रोतेहो, नमस्कार.

पक्ष्यांच्या संग्रहालयातील लाकडी खण बाहेर ओढला की आत कापूस भरलेले पक्षी ओळीने उताणे निजवलेले दिसतात आणि प्रत्येकाच्या पायाला दोऱ्याने एक लहानशी चिठ्ठी बांधलेली असते. पक्ष्याचे नाव, तो जेथे मिळाला त्या गावाचे नाव, तारीख आणि मिळवणाऱ्याचे नाव, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. शंभर वर्षांत पिसांचा रंग थोडा उतरतो, तरी चिठ्ठी जागेवर असेपर्यंत त्या नमुन्याला काहीतरी विचारता येते. ती हरवली की मागे केवळ कापूस भरलेले कातडे उरते. आज मी संशोधनाविषयी बोलणार आहे, आणि निसर्गविज्ञान असो, शेती किंवा वैद्यक असो, इतिहास किंवा समाजशास्त्र असो, सगळ्यांचा भार ज्या एका गोष्टीवर तोललेला आहे, त्या नोंदीविषयी बोलणार आहे.

सातपुड्यात रानपिंगळा नावाचे एक छोटे घुबड राहते. दिवसाउजेडी, सकाळच्या उन्हात ते उघड्या फांदीवर बसलेले दिसू शकते. १८७३ साली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांनी पुढाकार घेतला, तेच हे ह्यूम. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत जे मोजके नमुने मिळाले, त्यांतील काही जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने आपल्या खानदेशातून गोळा केले होते. शेवटचा खरा नमुना १८८४ सालचा आहे. जगभरच्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे अवघे सात नमुने होते आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे तो कोणाला खात्रीने दिसला नाही, त्यामुळे तो नामशेष झाला असावा असे पुष्कळ जण धरून चालले होते.

त्या सात नमुन्यांपैकी एकावर रिचर्ड माइनर्ट्झहेगन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची चिठ्ठी होती आणि तो पक्षी आपण १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे मिळवला, असे तिच्यावर लिहिलेले होते. अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी हे नमुने बारकाईने तपासले, तेव्हा त्यांना त्या पक्ष्याची शिवण आणि त्यातील भरण संशयास्पद वाटली. प्रत्येक संग्राहकाचा कातडे सोलण्याचा आणि भरण्याचा हात वेगळा असतो, जसा प्रत्येक शिंप्याचा टाका वेगळा असतो. क्ष-किरणांखाली पाहिल्यावर उलगडले की तो मुळात डेव्हिडसनने मिळवलेला पक्षी होता. संग्रहालयातून चोरून, उसवून, पुन्हा भरून त्याच्या पायाला नवी चिठ्ठी बांधलेली होती.

मग रासमुसेन यांनी ती खोटी नोंद बाजूला ठेवली आणि ज्या गावांची नावे खऱ्या चिठ्ठ्यांवर होती तेथेच शोध घ्यायचे ठरवले. बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासह त्या आधी पूर्वेकडील जुन्या ठिकाणी हिंडल्या, तेथे काही मिळाले नाही, आणि मग खानदेशात आल्या. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळच्या रानात, निष्पर्ण फांदीवर, त्यांना रानपिंगळा बसलेला दिसला. शेवटच्या खऱ्या नोंदीला तेव्हा ११३ वर्षे झाली होती.

ही हकिगत मी विद्यार्थ्यांच्या प्रत्येक नव्या तुकडीला सांगतो, कारण एका पक्ष्याच्या चोरीहून कितीतरी मोठे नुकसान त्या खोट्या गावाच्या नावाने केले होते. तो पक्षी कुठे राहतो, कोणत्या रानात राहतो, १८८४ नंतर तो होता की नव्हता, या सर्व प्रश्नांची उत्तरे त्या एका ओळीने नासवली होती. आणि डेव्हिडसनने मात्र, पुढे शंभर वर्षांनी कोणी येईल याची काहीही कल्पना नसताना, आपल्या चिठ्ठ्या नीट लिहून ठेवल्या होत्या.

येथे एक गोष्ट ओघाने सांगतो. डेव्हिडसनच्या काळी खानदेश हा एकच जिल्हा होता. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. रानपिंगळा दिसला तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होते आणि १ जुलै १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आले. केवळ जिल्ह्याचे नाव लिहिलेली नोंद शंभर वर्षांत तीन वेगवेगळ्या प्रदेशांकडे बोट दाखवू शकते. म्हणून गाव, तालुका आणि तारीख लिहिल्याशिवाय कोणतीही नोंद पुरी झाली असे मी मानत नाही.

पुरातत्त्वात तर नोंदीवाचून दुसरे काही हाती राहतच नाही, कारण मातीचा थर एकदाच खणता येतो. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे डॉ. शां. अ. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेले कवचाचे तुकडे मिळाले. आज भारतात रानटी शहामृग नाही. कार्बन-१४ पद्धतीने त्या कवचाचे वय सुमारे २५,००० वर्षे ठरले आणि आपल्या डोंगरपायथ्याशी राहणारा अश्मयुगीन माणूस रेघांची नक्षी काढत होता, हे जगाला समजले. तोच तुकडा एखाद्या गुराख्याला ओढ्यात सापडला असता तर त्याचे कौतुक झाले असते, पण कोणत्या थरातून आणि कोणत्या दगडी हत्यारांच्या सोबतीने तो आला, हे मात्र कधीच कळले नसते.

कागदपत्रांच्या बाबतीत हाच आग्रह इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी धरला. मूळ कागद आधी छापा, इतिहास मग लिहा, ही त्यांची रीत होती. वाड्यांचे माळे आणि जुनी दप्तरे धुंडाळत ते गावोगाव हिंडले आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड त्यांनी सिद्ध केले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले.

आता शेताकडे वळू. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रात भुईमुगाचे एक वाण निवडले गेले. शेतकरी त्याला फुले प्रगती म्हणून ओळखतात आणि शास्त्रज्ञ जेएल २४ म्हणून. त्यातली जेएल ही अक्षरे म्हणजे जळगाव. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आलेले हे लवकर तयार होणारे वाण देशभर पसरले आणि पुढे मलावी, झांबियासारख्या आफ्रिकी देशांतही तेथील शेतकऱ्यांनी ते पेरले. चिठ्ठीवरच्या गावाने केलेला हा प्रवास मला फार मोलाचा वाटतो. पण त्याहून मोलाची एक गोष्ट आहे. जेएल २४ तांबेरा आणि टिक्का या पानांवरील बुरशीजन्य रोगांना लवकर बळी पडते, हा दोषही तितक्याच स्वच्छपणे नोंदला गेला होता. तो कोणी झाकला नाही. म्हणूनच पुढे हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेतील शास्त्रज्ञांना नेमके कुठे हात घालायचा ते ठाऊक होते. त्यांनी जीपीबीडी ४ या वाणातील तांबेरा-प्रतिकाराचा गुणसूत्रावरील भाग, जनुकीय खुणांच्या आधारे निवड करीत, पुन्हा पुन्हा संकर करून जेएल २४ मध्ये आणला आणि २०१४ साली ते काम प्रसिद्ध झाले. आपल्या प्रयोगात जे फसले ते प्रबंधात लिहायला विद्यार्थी बिचकतात. वाईट उतारा आला तो वाफा गाळून टाकावा, असे त्यांना वाटते. त्यांना मी हेच उदाहरण देतो.

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव, अक्कलकुवा भागात भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. येथे निसर्गविज्ञान, वैद्यक आणि समाजशास्त्र ही तिन्ही एकाच माणसाच्या अंगणात येऊन उभी राहतात. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की या आजाराचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी शोधून काढले की त्या रेणूतील अमिनो आम्लांच्या साखळीत एकाच जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसलेले असते. एवढ्याशा बदलाने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मूल सांधेदुखीने रात्ररात्र रडते.

आता शिबिरातील चाचणी पाहू. बोटाला टोचून घेतलेले थोडे रक्त नळीतल्या द्रावणात मिसळतात, काही मिनिटे थांबतात आणि नळीच्या मागे काळ्या रेघा छापलेला कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर सिकल हिमोग्लोबिन नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर ते आहे. विजेवाचून, झाडाखाली करता येणारी ही चाचणी आहे. परंतु ती वाहक, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच हा दोष आलेला माणूस, आणि दोघांकडून तो आलेला रुग्ण यांच्यात फरक करू शकत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी पुढची तपासणी करावी लागते. वाहक माणूस बहुधा आयुष्यभर धडधाकट असतो. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारांत एक असते.

एका शिबिराच्या वहीत मी केवळ ‘पॉझिटिव्ह’ असा शब्द लिहिलेली पाने पाहिली आहेत. कोणती चाचणी, वाहक की रुग्ण, काहीच नाही. ते पान ज्यांच्या हाती पडते ते वैज्ञानिक नसतात. पाड्यावर बातमी जाते की अमक्याच्या मुलीला सिकलसेल आहे, आणि ठरत आलेले लग्न मोडते. ती मुलगी वाहक असते, पूर्ण निरोगी असते. मला याचा संताप येतो आणि तो मी लपवत नाही. रक्ताची तपासणी बिनचूक झाली होती. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकवतात ते, म्हणजे ही नोंद कोणाच्या घरात काय करील, हे कोणी विचारात घेतले नव्हते. येथे नोंद पुरी हवी आणि ती कुलपातही हवी.

समाजशास्त्रज्ञाच्या चिठ्ठीवर आणखी एक रकाना लागतो, तो म्हणजे कोणी सांगितले. पांझरेच्या खोऱ्यातील फड पद्धत घ्या. नदीवर बंधारा, त्यातून निघणारा पाट, पाटाखालच्या शेतांचे फड, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी, अशी ही जुनी, शेतकऱ्यांनीच चालवलेली व्यवस्था आहे. सामाईक साधनसंपत्ती लोक आपापसांत नियम करून टिकवू शकतात, हे जगभरच्या अशा व्यवस्थांवरून दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पण पाण्याची पाळी कशी चालते हे पाटकऱ्याला विचारा आणि मग पाटाच्या शेवटी ज्याचे शेत आहे त्याला विचारा. दोन उत्तरे मिळतील. ‘गावकरी सांगतात’ एवढेच लिहिले तर ती दोन्ही उत्तरे वाया जातात.

शेवटी एका विहिरीविषयी सांगतो. अमळनेर तालुक्यात माझ्या मार्गदर्शनाखाली एक विद्यार्थिनी विहिरींची पाणीपातळी मोजत होती. दुष्काळी उन्हाळ्यानंतरच्या तिच्या तक्त्यात एका विहिरीचे पाणी दोन फुटांनी वर आलेले दिसले. आजूबाजूच्या सगळ्या विहिरी खाली गेल्या होत्या. आम्ही दोघांनी आठवडाभर खडकातील भेगा, जवळचा नाला, वरच्या अंगाचे शेततळे अशी कारणे शोधली, आणि मी तर त्यावर एक परिच्छेदही लिहून काढला. मग विहिरीवर गेलो. तिने पहिल्या वेळी टेप कठड्यावरून सोडली होती आणि दुसऱ्या वेळी कठड्याच्या पडलेल्या बाजूने, जमिनीलगत. पाणी होते तेथेच होते. कोठून मोजले हे लिहायचे असते, हे तिला सांगायचे मी विसरलो होतो.

आम्ही वही उघडून बोलत असताना विहिरीचे मालक, सत्तरीचे आप्पा, जवळ आले आणि आत वाकून दगडी बांधकामावर बोट दाखवत म्हणाले, “मांगला साले आखाजीले पानी आठलोंग व्हतं.” म्हणजे मागच्या साली आखाजीला पाणी इथवर होते. तेथे चुन्याची एक रेघ होती. तिच्या वर आणखी रेघा होत्या, काही पुसट, काही ठळक. दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी आलेल्या असताना, आप्पा एक रेघ मारत आले होते आणि त्यांच्या आधी त्यांचे वडील मारत होते. रेघांच्या शेजारी साल लिहिलेले नव्हते, पण कोणती रेघ थोरल्या मुलीच्या लग्नाच्या वर्षाची आणि कोणती मोटेच्या जागी इंजिन बसवले त्या वर्षाची, हे त्यांना पाठ होते. त्या दुपारी आम्ही तिघांनी मिळून अकरा रेघांना साले लावली. विद्यार्थिनीने प्रत्येक रेघेपुढे आप्पांचे नाव सांगणारा म्हणून लिहिले, आणि कठड्याच्या ज्या दगडावरून यापुढे मोजायचे त्यावर लाल रंगाची खूण केली.

आपल्यापैकी कोणाच्या विहिरीवर अशा रेघा असतील, माळ्यावर जुने मोडी कागद असतील, किंवा पावसाची, पिकाची, बाजारभावाची वही घरात कोणी लिहीत असेल, तर ती जवळच्या महाविद्यालयाला दाखवावी, मूळ वही आपल्याकडेच ठेवावी, आणि दाखवण्यापूर्वी तिच्या पहिल्या पानावर गाव, तालुका, तारीख आणि लिहिणाऱ्याचे नाव घालावे. येत्या आखाजीला आम्ही पुन्हा आप्पांच्या विहिरीवर जाणार आहोत. नमस्कार.