सेंट्रल लाइन काढताना रुग्णाला बसवू नका

नमस्कार. हा व्हिडिओ सोलापुरातल्या आपल्या नर्सिंगच्या मुलामुलींसाठी आणि नव्या इंटर्नसाठी.

सेंट्रल लाइन, म्हणजे मानेसारख्या ठिकाणच्या मोठ्या शिरेतून हृदयाजवळ नेलेली नळी, घालताना सोनोग्राफी मशीन येतं, सिनियर डॉक्टर उभे असतात. काढायची मात्र डिस्चार्जच्या गडबडीत. अक्कलकोटची एसटी गाठायची असते, रुग्ण खुर्चीत बसलेला, आणि कोणीतरी म्हणतं, "सिस्टर, तेवढी लाइन काढून टाका." अशा वेळी आधी रुग्णाला बेडवर आडवं करा.

बसलेल्या माणसाची मानेतली शीर हृदयाच्या वर असते. श्वास आत घेतला की छातीतला दाब कमी होतो आणि लाइनच्या छिद्रातून हवा शिरेत ओढली जाते. ती फुप्फुसाकडे जाणारं रक्त अडवते. दोन-तीनशे मिली हवा जीव घेऊ शकते, आणि ती आत जायला काही सेकंद पुरतात.

म्हणून रुग्ण सपाट, झेपत असेल तर डोकं थोडं खाली. आडवं झाल्यावर धाप लागत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. रक्त नीट गोठतं का, ते कळायला प्लेटलेट आणि आयएनआर हे रिपोर्ट आधी बघा. श्वास सोडताना, किंवा तोंड मिटून "हुं" करायला लावून, लाइन काढा. आपल्याकडे कितीतरी आजी-आजोबा तेलुगू किंवा कन्नडच बोलतात, त्यांना नातेवाइकांकडून समजावून एकदा सराव करून घ्या. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. घाबरलेला माणूस नेमक्या क्षणी श्वास आत घेतो.

लाइन निघता निघताच गॉजने दाबा, किमान पाच मिनिटं. मग हवाबंद ड्रेसिंग, नुसतं गॉज चालत नाही. ते निदान चोवीस तास ठेवा. रुग्ण अर्धा तास आडवाच राहू दे.

लाइन अडली तर ओढू नका. टाका राहिला असेल, गाठ बसली असेल. जोर लावला तर तुकडा आत राहतो. तिथेच चिकटवून डॉक्टरांना बोलवा. निघाली तरी टोक शाबूत आहे का, ते बघा. डायलिसिसची कफवाली पर्मकॅथ, म्हणजे जास्त दिवसांसाठी घातलेली, कातडीखाली कफ रुतलेली नळी, वॉर्डात ओढायची नसतेच.

काढल्यावर अचानक धाप, खोकला, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) खाली? छिद्र हाताने दाबून बंद करा, मदतीला हाक मारा, डाव्या कुशीवर, डोकं खाली, शंभर टक्के ऑक्सिजन. पल्स नसेल तर लगेच पाठीवर घेऊन सीपीआर. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तरी हवेचाच संशय घ्या. डॉक्टर आले की पहिलं वाक्य हेच सांगा: "आत्ताच लाइन काढली."