स्पिरीदोन : कॉर्फूच्या घराघरातलं नाव

(दृश्य : ग्रीसच्या कॉर्फू बेटावरचं कॉर्फू शहर, ११ ऑगस्ट. बँडपथकं, छत्राखालची पालखी)

पुढे पितळी वाद्यं, मागे पाद्री, आणि काचेच्या पालखीत उभा असलेला चौथ्या शतकातला एक बिशप. ओल्ड गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं आडवं शव पाहिलेल्यांना हे चमत्कारिक वाटेल. इथला संत उभ्यानेच शहर फिरतो. वर्षातून चार वेळा. आजची मिरवणूक १७१६ सालच्या आठवणीची. उस्मानी फौजांचा वेढा वादळानंतर उठला आणि शहराने श्रेय संताला दिलं. तटबंदी लढवणाऱ्या सेनापती शुलेनबुर्गच्या वाट्याला जुन्या किल्ल्यापाशी पुतळा आला. मुलांच्या वाट्याला नाव आलं ते संताचं.

स्पिरीदोन. घरात स्पिरोस. हाक मारताना शेवटचा 'स' गळतो : स्पिरो! पाहुणे हमखास पूर्ण 'स्पिरोस' म्हणून हाका मारतात. चूकच, पण माना वळतात. एक सोडून चार वळतात.

(दृश्य : भित्तिचित्र, संताची टोपी)

टोपी नीट बघा. बिशपच्या डोक्यावर मुकुट नाही, मेंढपाळाची विणलेली टोपी आहे. सायप्रसमधल्या त्रिमिथुसचा हा बिशप मुळात मेंढ्या राखणारा. त्याच्या नावाचा उगम बहुतेक जण 'स्पिरीस' या शब्दाशी जोडतात, म्हणजे विणलेली टोपली. मत्तयाच्या मूळ ग्रीक शुभवर्तमानात उरलेल्या भाकरींचे तुकडे सात टोपल्यांत भरले, तिथे हाच शब्द आहे.

हातात मातीचं कौल. ३२५ सालच्या निकेआच्या धर्मसभेत त्याने ते मुठीत आवळलं, ज्वाळा वर गेली, पाणी खाली ठिबकलं, हातात माती उरली : पिता, पुत्र, पवित्र आत्मा, तसे तीन मिळून एक. ही आख्यायिका, चित्रकारांनी मात्र ती कधी सोडली नाही.

त्याचे अवशेष सायप्रसहून कॉन्स्टॅन्टिनोपलला गेले आणि १४५३ मध्ये ते शहर पडल्यावर कॉर्फूत आले.

(दृश्य : बाप्तिस्मा)

नाव बाळाच्या अंगाला लागतं ते इथे. तोवर बऱ्याच घरांत त्याला नुसतं 'बेबिस' म्हणतात. धर्मपिता, म्हणजे 'नोनोस', पश्चिमेकडे तोंड करून सैतानाला तीनदा नाकारतो, मग पूर्वेकडे वळून श्रद्धासूत्र म्हणतो. अडखळलाच तर पाद्री हळूच पुढचा शब्द पुरवतो. मग बाळाला ऑलिव्हचं तेल. नोनोस ते सर्वांगाला चोळतो, त्यामुळे अंग निसरडं होतं. म्हणून पाद्री काखेखाली हात घालून पक्की पकड घेतो आणि मगच कोमट पाण्यात बुडवतो. तीन बुड्या. प्रत्येक बुडीला पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव. त्याआधी उच्चार 'स्पिरीदोन' असाच, पूर्ण. 'स्पिरोस' इथे चालत नाही. पुढे सुगंधी अभ्यंगतेलाची खूण, केसांच्या बटा क्रुसाच्या आकारात कापणं, पांढरे कपडे, आणि पात्राभोवती तीन फेऱ्या.

नाव निवडायचा प्रश्न बहुधा येतच नाही. पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांचं नाव घेतो, दुसरा आईच्या वडिलांचं. मुलगी झाली तर स्पिरीदुला. नावं टिकली ती याच रिवाजाने, आणि तो मोडायची घाई कुणी करू नये.

(दृश्य : अथेन्सचं संगमरवरी स्टेडियम)

१८९६ चं ऑलिंपिक. उद्घाटनाच्या गीताचं संगीत कॉर्फूच्या स्पिरीदोन समारासचं. मॅरेथॉन जिंकली मारुसीच्या स्पिरीदोन लुईसने, सुमारे चाळीस किलोमीटर, २ तास ५८ मिनिटं ५० सेकंदांत.

एकाच आजोबाचे तीन नातू, तिघेही स्पिरोस, आडनावही एकच; म्हणून कागदोपत्री वडिलांचं नाव पाहावं लागतं. पासपोर्टवर स्पिरीदोन आणि विमानाच्या तिकिटावर स्पिरोस झालं, तर काउंटरवर वाद होतो.

(दृश्य : १२ डिसेंबर, चर्चबाहेरची रांग)

१२ डिसेंबर हा नामदिन, म्हणजे ज्या संताचं नाव घेतलं त्याचा दिवस. मोठ्यांच्या बाबतीत तो वाढदिवसाहून महत्त्वाचा. आमंत्रण नसतं; ज्याचं नाव, त्यानेच चहापाणी करायचं. दारात येणारा म्हणतो, 'ख्रोन्या पोल्ला!' म्हणजे पुष्कळ वर्षं जग.